जनरलसाहेबांची प्रकृती बरी नाही

यॉर्कटाउन (म्हणजे त्यातलं जे अजून उभं आहे ते),
ऑक्टोबर १७८१

डोंगराकडच्या तंबाखूच्या रानांचे धनी, स्वातंत्र्याचे खंदे पुरस्कर्ते आणि माझ्या ओळखीतले टोप न घालणारे एकमेव सभ्य गृहस्थ श्रीमान गिडियनदादा डिलार्ड यांच्या पायाशी अँब्रोज प्रेसन, न्हावी व केसांचे टोप करणारा, याचा कमरेत वाकून नमस्कार. (पायाशी म्हटलं खरं, पण उजव्या अंगठ्यापासून जरा लांबच. त्याची सूज कशी आहे? रात्री पाय उशीवर ठेवत चला, आणि पोर्ट वाइन अंगठ्याला बाधत नाही असं जो वैद्य सांगतो त्याला बदला.) वहिनींचा खोकला गेला असेलच. इकडची खुशाली म्हणाल तर मी जिवंत आहे, आपल्या भगिनी डॉर्कसबाई जिवंत आहेत, त्यांच्या खानावळीचं अर्धं छप्पर जिवंत आहे, आणि त्यांची जीभ पूर्वीपेक्षा जास्त जिवंत आहे.

आपलं पत्र मिळालं. आपण दोन गोष्टी विचारल्यात. एक, इंग्रजांच्या शरणागतीची डोळ्यांनी पाहिलेली हकिगत. दुसरी, उन्हाळ्यात आपल्या मळ्यावरून इंग्रजांकडे पळून गेलेली ज्यूनो नावाची गुलाम बाई इथे कुठे दिसते का, आणि दिसल्यास बांधून पाठवावी. पहिल्या गोष्टीचं उत्तर आत्ता देतो. दुसरीचं शेवटी देईन, कारण आनंदाच्या पत्रात दोरखंडाचा विषय सुरुवातीलाच नको.

दादा, जिंकलो! हे तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं, कारण आनंदात अक्षरं ओळीबाहेर पळतायत. आज सकाळी याच हातानं पाद्रीबाबांची दाढी केली, आणि पुढच्या रविवारी गावाला प्रवचनात दोनच्या ऐवजी एकच हनुवटी दिसली तर तो माझा दोष नाही, स्वातंत्र्याचा आहे. अख्ख्या जगावर राज्य करायला निघालेलं ते सैन्य आमच्या गावाबाहेरच्या कुरणात येऊन बंदुका टाकून गेलं! ज्या कुरणात डॉर्कसबाईंची गाय दर वर्षी चिखलात रुतायची, तेच ते कुरण.

पण लढाई समजायची तर आधी एक घरगुती गोष्ट समजली पाहिजे. सहा वर्षांपूर्वी, लढाई नुकतीच पेटली होती तेव्हा, मी डॉर्कसबाईंना त्यांच्या मागच्या ओट्यावर, त्या कालवं फोडत असताना, लग्नाचं विचारलं. (हातात सुरी असलेल्या विधवेला असलं काही विचारू नये हे आता मला कळतं.) त्यांनी कालवाचं शिंपलं उघडलं, आत डोकावून पाहिलं, जणू उत्तर तिथेच लिहिलं होतं, आणि म्हणाल्या, "लढाई संपू दे, मिस्टर प्रेसन." त्या काळी सगळे म्हणत होते की नाताळपर्यंत संपेल. मी नाताळसाठी नवा अंगरखा शिवून घेतला. तो अंगरखा सहा नाताळ जुना झाला, दादा. प्रत्येक पराभवाची बातमी आली की गावातले लोक देशासाठी रडायचे, मी देशासाठी आणि अंगरख्यासाठी असा दुहेरी रडायचो. जनरल लोक नकाशावर बोट ठेवून लढाई किती लांबेल ते सांगत. मला ती माझ्या पोटाच्या घेरावरून कळत होती, कारण अंगरख्याचं एकेक बटन पुढे सरकवावं लागत होतं.

तर वेढा पडला. आमचे आणि फ्रेंचांचे तोफखाने आमच्या गावाला मुक्त करण्यासाठी आमच्याच घरांवर गोळे टाकू लागले. एवढ्या प्रेमानं कोणी कोणाचं घर पाडलं नसेल. आम्ही गावकरी नदीकाठच्या कड्यात बिळं खोदून राहिलो. डॉर्कसबाईंच्या बिळात त्या, त्यांची स्वयंपाकीण हेगर, आणि धुरात टांगलेली डुकराची एक मांडी. शेजारच्या बिळात मी आणि माझी धोकटी. माझं दुकान वर कड्याच्या टोकाशी होतं. एके दुपारी त्यावर फ्रेंच गोळा पडला, आणि ज्यांच्यावर मी टोप चढवून ठेवतो ती लाकडी मुंडकी गडगडत खाली आली. केसांसकट! बायका किंचाळल्या. पाद्रीबाबांनी टोपी काढली, गुडघे टेकले आणि सगळ्या मुंडक्यांना मिळून सद्गती दिली. मी ओरडून सांगत होतो की अहो ही माझी आहेत, तर ते म्हणाले, "धीर धर अँब्रोज, आपण सगळी देवाचीच आहोत." त्यानंतर कोणाची छाती झाली नाही ती परत घ्यायची. विधीपूर्वक पुरली आहेत.

मग एका सकाळी तोफा थांबल्या. गप्प झाल्या म्हणजे एवढ्या गप्प की हेगर म्हणाली, "आता काय नवीन मोडणार आहेत?" पण मोडायचं काही राहिलंच नव्हतं. इंग्रजांनी पांढरं फडकं दाखवलं होतं. बोलणी झाली, कलमं लिहिली गेली, आणि ठरलं की शुक्रवारी दुपारी त्यांचं सैन्य कुरणात येऊन शस्त्रं ठेवणार.

त्या शुक्रवारी सकाळी माझ्या बिळाच्या तोंडाशी इंग्रजांच्या मोठ्या जनरलचा हुजऱ्या उभा राहिला. नाव मिस्टर पिलबीम. माणूस लांब, नाक त्याहून लांब, आणि काखेत पेटी. पेटीत जनरलसाहेबांचा टोप. गावात टोप विंचरू शकेल असा मी एकटाच उरलो होतो. "दुपारच्या आत तयार हवा," तो म्हणाला. "साहेबांना आज बाहेर जायचंय." मी म्हटलं, "कुठे जायचंय ते अख्ख्या खंडाला ठाऊक आहे." पडलो तरी नाक वर म्हणतात, ते नाक मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं.

आता अडचण अशी की टोपाला पावडर लागते, पावडरीला गव्हाचं पीठ लागतं, आणि गावात चिमूटभर पीठ नव्हतं. मक्याचं होतं, पण ते पिवळं. ते लावलं असतं तर जनरलसाहेब काविळीनं आजारी दिसले असते (आणि पुढचा सगळा प्रकार निदान खरा तरी वाटला असता). विचार करत मी डॉर्कसबाईंच्या खानावळीत शिरलो. बैठकीचं छत खाली येऊन पडलेलं, सगळीकडे पांढराशुभ्र गिलावा. बस! खलबत्त्यात घातला, कुटला, मलमलीतून चाळला. डॉर्कसबाई दारात उभ्या. "माझं छत शत्रूच्या डोक्यावर घालताय?" मी म्हटलं, "बाई, तुमच्या डोक्यावर पडणार होतं, त्याच्या पडलेलं काय वाईट?" त्या हसल्या नाहीत. पण त्यांनी बत्ता हातातून घेतला आणि उरलेलं स्वतः कुटलं. इतक्या जोरात कुटलं की मी दोन पावलं मागे सरलो.

टोप झाला. असा झाला, दादा, की वैऱ्याच्या डोक्यावर जाणार म्हणून वाईट वाटावं. पिलबीमचा पत्ता नव्हता. मी पेटी धोकटीत घातली, म्हटलं वाटेत देऊ. पण वाटेत डॉर्कसबाई गाडीत बसलेल्या, आणि शेजारी जागा रिकामी. पंचक्रोशीतली माणसं, गाड्या, पोरंटोरं, पिंपावर चढलेल्या म्हाताऱ्या, सगळे कुरणाकडे धावत होते. त्यांनी नुसतं म्हटलं, "येताय का?" सहा वर्षांत मला शेजारी बसा म्हणून त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. जनरलसाहेबांच्या टोपाचं काय झालं हे त्या क्षणी मला ठाऊक नव्हतं, आणि माझ्या स्वतःच्या डोक्याचं काय झालं हेही नव्हतं.

आणि मग तो देखावा! रस्त्याच्या एका बाजूला फ्रेंच, पांढऱ्या डगल्यांत, जणू कोणी आत्ताच घडी मोडून उभे केलेत. दुसऱ्या बाजूला आमचे. आमच्या लोकांच्या अंगावर एकसारखं काही असेल तर ती ठिगळं. पायांत जोडे कमी आणि बोटं जास्त. आणि त्या दोन रांगांमधून इंग्रज आले, निशाणं गुंडाळून, पण डगले नवे कोरे! कोठारातले कपडे आमच्या हाती लागू नयेत म्हणून सगळे अंगावर चढवून आले होते. हरलेले दिसत होते नवरदेव, आणि जिंकलेले दिसत होते वरातीच्या मागून चालणारे भिकारी. शिवाय त्या नवरदेवांनी माना सगळ्या फ्रेंचांकडे वळवलेल्या. आमच्याकडे बघायला तयार नाहीत. फ्रेंचांकडून हरलो तर हरलो, या न्हाव्या-लोहारांकडून नाही, असं. मग आमच्या वाजंत्र्यांनी एक चिडवायचं गाणं असं काही मोठ्यानं वाजवलं की त्या सगळ्या माना खाडकन आमच्याकडे. मी गाडीत उभा राहून टोपी फेकली. ती कुठे पडली कोणास ठाऊक. स्वातंत्र्याला अर्पण. बंदुका जमिनीवर ठेवायच्या होत्या, त्यांनी त्या आपटल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

सगळे एकच विचारत होते, "मोठा जनरल कोणता?" कोणी म्हणे तो पोटवाला, कोणी म्हणे तो घोड्यावरचा रडका. इतक्यात पुढून कुजबुज आली आणि रांगेतून वणव्यासारखी पसरली: जनरलसाहेब आलेच नाहीत. प्रकृती बरी नाही. त्यांच्या वतीनं दुसरा कोणी तलवार घेऊन आलाय. पिंपावरची एक म्हातारी म्हणाली, "सगळ्या व्हर्जिनियाच्या कोंबड्या पचल्या मेल्याला, आणि नेमकं आज पोट बिघडलं!" त्या बदली माणसानं तलवार आधी फ्रेंचांच्या म्होरक्याला द्यायला काढली, त्यानं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. मग आमच्या म्होरक्याकडे गेला, त्यानं सांगितलं की बदली माणूस आलाय तर माझा बदली माणूस घेईल. तलवार अशी फिरत होती जशी खानावळीतली परवाची कढी: प्रत्येक जण अदबीनं शेजाऱ्याकडे सरकवतो. पण शेवटी झालं. मी वळलो, घसा साफ केला, आणि म्हटलं, "डॉर्कसबाई, लढाई संपली."

"नाही संपली," त्या म्हणाल्या.

"अहो, एवढं सैन्य—"

"ज्यानं माझ्या कोंबड्या नेल्या, कुंपण जाळलं, माझ्या पलंगावर आपले कप्तान झोपवले, तो कुठाय? तो आलाय? गड्याला पाठवून कोणी शरण येतं का? दुधाचा हिशेब आहे का हा?" मी म्हटलं, आजारी आहे. त्या म्हणाल्या, "सहा वर्षांत एक माणूस माझ्या दारात येऊन मान खाली घालून उभा राहिलेला नाही, मिस्टर प्रेसन. एक जण या, म्हणा की बाई, आम्ही हरलो. मग संपली." आणि घोड्याचा लगाम घ्यायला त्या वाकल्या तर पायाशी माझी धोकटी. धोकटीत पेटी. पेटीत टोप. त्यांनी टोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा त्याचा?" मी मान हलवली. "म्हणजे तो बोडका बसलाय घरात, तुमच्यामुळे." दादा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो तसाही आला नसता, मी शपथेवर सांगतो, असल्या माणसांना टोप निमित्त लागत नाही. पण विचार करा, माझ्या लग्नासाठी लढाई संपायला हवी, लढाई संपायला जनरल यायला हवा, जनरल यायला टोप हवा, आणि टोप माझ्याच दोन पायांमध्ये! गावापर्यंत पेटी त्यांनी आपल्या ताब्यात ठेवली. बंदुकांचे ढीग मोजत असल्यासारखं मी दुसरीकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवसापासून जेवणावळी. आपल्याकडची रीत आपल्याला ठाऊकच आहे, व्हर्जिनियात माणसावर गोळी झाडली तरी चालेल, पण जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. ज्यांनी काल एकमेकांचे पाय उडवले ते आज "आणखी थोडं घ्या ना" करत होते. डॉर्कसबाईंच्या अर्ध्या छपराखाली आमचे दोन कप्तान त्यांच्या दोन कप्तानांना घेऊन बसले होते. बिळातली ती मांडी शेवटी कापली गेली. मक्याची भाकरी, कालवं, सफरचंदाची दारू. एक इंग्रज कप्तान वर आभाळाकडे बघून म्हणाला, "इथे छत का नाही?" डॉर्कसबाई वाढता वाढता म्हणाल्या, "बाहेर गेलंय. आजारी माणसाला भेटायला."

इतक्यात मिस्टर पिलबीम आला, धापा टाकत. साहेबांना आता बरं वाटतंय. मोठ्या लोकांकडून जेवायचं बोलावणं आलंय. टोप द्या.

डॉर्कसबाईंनी वाढणं थांबवलं. पेटी उचलली, मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसल्या. "शरण यायला आजारी, जेवायला बरे! मिळेल टोप. आधी शरण या."

"बाईसाहेब, मी हुजऱ्या आहे. मला तो अधिकार नाही."

"काल आला होता त्याला तरी कुठे होता? तुमच्याकडे बदली माणूस चालतो ना?"

पिलबीमनं आपल्या कप्तानांकडे पाहिलं. दोघेही मांडी चघळण्यात गर्क. बिचाऱ्याकडे तलवार कुठली? होता तो कपडे झटकायचा ब्रश, चांदीच्या मुठीचा. त्यानं तो काढला आणि माझ्यापुढे केला, कारण खोलीत पुरुष दिसला की अधिकारी त्यालाच समजायचं हे त्यांच्या हाडात आहे. मी डॉर्कसबाईंकडे बोट दाखवलं. तो तिकडे वळला, मान खाली घातली, आणि ते लांब नाक अगदी छातीला टेकलं. हळूच म्हणाला, "बाईसाहेब, आम्ही हरलो." चेष्टेत नाही हं, दादा. दमलेल्या माणसासारखं म्हणाला. कप्तानांची तोंडं चघळायची थांबली.

डॉर्कसबाई खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, "तुमच्याकडून बदली माणूस आलाय, तर माझ्याकडूनही बदलीच घेईल. घ्या अँब्रोज. माझ्या वतीनं." आणि पेटी पिलबीमला देऊन स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी ब्रश हातात धरून उभा. त्या मला अँब्रोज म्हणाल्या हे कळायला मला वेळ लागला. त्यांच्या वतीनं, हे कळायला आणखी लागला. मग धावलो.

आत त्या डोळ्यांना एप्रनचं टोक लावून चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी म्हटलं, "मग? संपली ना?" त्या म्हणाल्या, "संपली." कोपऱ्यात हेगर भांडी घासत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कोणाची?"

दादा, सहा वर्षं मी स्वातंत्र्यावरची भाषणं ऐकतोय, त्यातली बरीचशी आपलीच, पण हा प्रश्न त्यातल्या एकाही भाषणात नव्हता. आपल्याला ठाऊक आहे, ज्यूनो ही हेगरची सख्खी बहीण. इंग्रजांनी सुटकेचं वचन दिलं म्हणून ती त्यांच्याकडे गेली, आणि शिधा कमी पडला तेव्हा त्यांनी असल्या सगळ्यांना दोन सैन्यांच्या मधल्या रानात हाकलून दिलं. तहात त्यांच्यासाठीही कलम आहे म्हणतात. ज्याची मालमत्ता त्याला परत. डॉर्कसबाईंनी हेगरकडे पाहिलं, हेगरनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी ब्रशकडे पाहिलं.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, अंगठ्याला आराम.

आपल्या आशीर्वादाचा भुकेला,
अँब्रोज प्रेसन

ता. क. चाणाक्ष माणसाला कळलंच असेल की मी आपल्याला पहिल्यांदाच "दादा" म्हटलंय. उगाच नाही म्हटलेलं. अंगरखा तयार आहे. बटनं शेवटच्या काजात आहेत, उशीर झाला तर तुटतील.

पुन्हा ता. क. डॉर्कसबाई म्हणतात, या घरातली लढाई सगळ्यांची संपली की लग्न. म्हणजे घोडं आता आपल्यापाशी अडलंय. आपण ज्यूनोवर हक्क सांगणार नाही, कोणी सांगितला तर तो खोटा ठरवाल, एवढं आपल्या हातानं लिहून साक्षीदारांसमोर सही करून पाठवावं. सरकारी शिक्क्याचं आम्ही बघू. स्वतः यायची गरज नाही. आमच्याकडे बदली माणूस चालतो. ब्रशही चालतो.

आणखी ता. क., डॉर्कसच्या हातचं: दादा, पत्र वाचलं. चुलीपाशी मी नाही रडले, हे रडले. धूर होता म्हणतील, चूल विझलेली होती. तुमच्या ओसरीवरची स्वातंत्र्याची भाषणं मी लहानपणापासून ऐकली आहेत, आणि त्यांतली निदान एक तुम्ही मनापासून केली असेल असं मी धरून चालले आहे. कागद पाठवा. नाही पाठवलात तर मी लग्नाशिवाय म्हातारी होईन आणि तेही तुमच्या दारात येऊन बसून.

शेवटचं ता. क. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ज्यूनो मला कुठेही दिसली नाही, माझ्या धोकटीची शपथ. मात्र तिनं आपल्यासाठी निरोप दिला आहे. परत यायची खूप इच्छा होती म्हणते, पण काय करणार, प्रकृती बरी नाही.